पोर्तुगीज सोडू नकोस, स्पॅनिशला थोडं थांबव

ताई,

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते, वय २५. घरी आम्ही मराठी बोलतो, बाहेर कोंकणी. बी.कॉम. झाल्यावर पर्वरीला एका ऑफिसात लागले. दीड वर्षापूर्वी पणजीत पोर्तुगीजच्या वर्गाला जायला लागले. ए-२ म्हणजे दुसरी पायरी झाली, आता बी-१ म्हणजे तिसरी चालू आहे. आमच्या ऑफिसात पुढच्या जूनपासून स्पेन आणि मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांशी बोलायला माणसं घेणार आहेत, पगारही बरा आहे. म्हणून चार महिन्यांपासून मोबाईलवर स्पॅनिश शिकते आहे. सुरुवातीला खूप सोपी वाटली. आता दोन्हींची खिचडी झाली आहे. परवा वर्गात तोंडी चाचणी होती. 'ओब्रिगादा'च्या जागी 'ग्रासियास' म्हणाले, मग 'मश', 'माइश' आणि 'मास' यांत अडकले आणि शेवटी गप्पच बसले. बाई म्हणाल्या, एक काहीतरी सोड. मैत्रीण म्हणते, दोन्ही सोड आणि जर्मन घे, ती कशात मिसळणारच नाही. घरी आजोबा आहेत, ८५ वर्षांचे. मी पोर्तुगीज शिकते हेच त्यांना पसंत नाही. 'ज्यांनी आमची भाषा मोडायला काढली त्यांची भाषा आपल्या घरात कशाला?' असं म्हणतात. मला भाषांचं डोकंच नाही असं वाटायला लागलंय. काय करू?

तुमची वाचक, फोंडा

अगो, ते शेवटून दुसरं वाक्य आधी खोडून टाक. मी ३० वर्षं मुलांना फ्रेंच आणि पोर्तुगीज शिकवली. ज्यांना खरंच येत नसतं त्यांच्या दोन भाषा मिसळत नाहीत, कारण मिसळायला त्यांच्याकडे काही साठलेलंच नसतं. तुझ्याकडे साठलं आहे.

त्या चाचणीत काय झालं ते नीट आठव. 'ओब्रिगादा' सापडला नाही तेव्हा तुझ्या तोंडात 'आभारी आहे' आलं नाही, 'देव बरें करूं'ही आलं नाही. आलं ते 'ग्रासियास'. हे बऱ्याच जणांचं असंच होतं. परक्या भाषेत शब्द अडला की मन पुष्कळदा घरातल्या भाषेकडे वळत नाही, ते शेजारच्या दुसऱ्या परक्या भाषेत हात घालतं. आपली भाषा एका फडताळात आणि मोठेपणी शिकलेल्या सगळ्या भाषा दुसऱ्या एकाच फडताळात, अशी काहीशी त्याची मांडणी असते. त्या दुसऱ्या फडताळात पोर्तुगीज आणि स्पॅनिश सारख्याच रंगाच्या डब्यांत भरून ठेवल्यास, तर घाईत हात चुकणारच. इलाज एवढाच, की एका डब्यावर आधी ठळक नाव लिहायचं.

आणि हे काम तू एकदा केलेलं आहेस, तेही शाळेत जायच्या आधी. घरात 'घोडा' आणि बाहेर 'घोडो', घरात 'आंबा' आणि बाहेर 'आंबो', हे तुला कोणी शिकवलं? 'मला' म्हणजे 'म्हाका', 'तुला' म्हणजे 'तुका', 'फोंड्याला' म्हणजे 'फोंड्याक'. मराठीचा 'ला' कोंकणीत 'क' होतो, मराठीचा शेवटचा 'आ' कोंकणीत 'ओ' होतो, हे नियम तुझ्या डोक्यात बसले ते वहीत न लिहिता. लहानपणी तूही आईकडे 'उदक दे' म्हणून पाणी मागितलं असशील. आज पुण्याच्या मावशीकडे गेल्यावर 'मुंबईक जाते' असं तुझ्या तोंडून जात नाही. दोन बहिणी एकाच अंगणात वाढल्या, तू दोघींना ओळखायला शिकलीस. आता तेच काम दुसऱ्या बहिणींशी करायचं आहे. फरक इतकाच, की २५ व्या वर्षी नियम डोळ्यांनी पाहून शिकले तर लवकर बसतात. म्हणून ते तुला दाखवते.

तुझ्या पर्समधली घराची चावी काढ. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. आज लिस्बनचा माणूस किल्लीला 'शाव' म्हणतो. मग आपल्याकडे 'च' कुठून आला? सोळाव्या शतकात ते लोक इथे उतरले तेव्हा त्यांच्या तोंडात तो 'च'च होता. पुढे त्यांच्या प्रमाण भाषेत त्याचा 'श' झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत जुनी माणसं अजून 'च' म्हणतात आणि आपण मराठी माणसं रोज कुलूप उघडताना म्हणतो. म्हणजे त्यांनी टाकून दिलेला उच्चार आपण सांभाळला.

आता त्या शब्दाचं मूळ बघ. लॅटिनमध्ये किल्लीला 'क्लाव्हे' म्हणत. तोंडाला हा 'क्ल' जड. पोर्तुगीजने त्याचा 'च', मग 'श' केला. स्पॅनिशने 'य' केला, 'याव्हे'. इटालियनने 'क्य' केला, 'क्यावे'. फ्रेंचने फारसं काही न करता 'क्ले' ठेवलं. हे एका शब्दापुरतं असतं तर गंमत म्हणून सोडून दिलं असतं. पण पाऊस घे: पोर्तुगीज 'शूव्हा', स्पॅनिश 'यूव्या'. ज्वाला घे: 'शामा' आणि 'यामा'. भरलेला: 'शेइयु' आणि 'येनो'. लॅटिनमध्ये या शब्दांच्या सुरुवातीला 'क्ल', 'प्ल' किंवा 'फ्ल' होतं. तुझ्या पोर्तुगीजमध्ये तिथे 'श' दिसला की स्पॅनिशमध्ये बऱ्याचदा 'य' सापडतो. पाठ केलेले हे शब्द तुला पुन्हा पाठ करायचे नाहीत, फक्त फिरवायचे आहेत.

दुसरी खूण तर आपल्या घरातलीच आहे. पोर्तुगीजमध्ये रात्र 'नोइत', आठ 'ओइतु', दूध 'लेइत'. स्पॅनिशमध्ये 'नोचे', 'ओचो', 'लेचे'. इटालियनमध्ये 'नोत्ते', 'ओत्तो', 'लात्ते'. लॅटिनमध्ये तिन्हींत 'क्त' होतं. पोर्तुगीजमध्ये त्याचा 'इत' झाला, स्पॅनिशमध्ये 'च', इटालियनमध्ये 'त्त'. आता इटालियनचा 'ओत्तो' मोठ्याने म्हण आणि आपला 'आठ' म्हण. संस्कृतात 'अष्ट', प्राकृतात 'अट्ठ', मराठीत 'आठ'. 'सप्त', 'सत्त', 'सात'. 'हस्त', 'हत्थ', 'हात'. जोडाक्षर जिभेला टोचतं, मग दोन वेगळी व्यंजनं एकसारखी होतात, पुढे त्यांतलं एक गळतं आणि आधीचा स्वर लांबतो. 'सप्त'चा 'सत्त' झाला तसाच लॅटिनच्या 'सेप्तेम'चा इटालियनमध्ये 'सेत्ते' झाला. हजारो मैल लांब राहणाऱ्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच केलं. वर्गात हे फळ्यावर लिहिताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा आणि अजून येतो.

तिसरी खूण स्पॅनिशची. पोर्तुगीजच्या सुरुवातीचा 'फ' स्पॅनिशमध्ये पुष्कळदा हवेत विरतो: पीठ 'फरीन्या' आणि 'आरीना', भट्टी 'फोर्नु' आणि 'ओर्नो', करणे 'फझेर' आणि 'आसेर'. लिहिताना स्पॅनिश लोक तिथे 'ह'चं अक्षर ठेवतात, म्हणत नाहीत. संस्कृतच्या 'भवति'चा आपला 'होतो' कसा झाला ते आठव, 'भ'चं ओझं जाऊन नुसता श्वास उरला. स्पॅनिशने तो श्वासही टाकला. या तीन खुणा वहीच्या तीन पानांवर लिही, आणि वर्गात नवा पोर्तुगीज शब्द आला की तो कोणत्या पानावर जातो ते बघ. काही शब्द कुठल्याच पानावर जाणार नाहीत. त्यांना चौथं पान दे, जबरदस्तीने बसवू नकोस.

आपल्या आणि युरोपच्या भाषांचं हे नातं अगदी आधी कुठे ध्यानात आलं, माहीत आहे? आपल्या गोव्यात. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि ४० वर्षं इथेच राहून इथेच वारला. साष्टीत राहून त्याने मराठीत हजारो ओव्या रचल्या, कोंकणीचं व्याकरण लिहिलं. १५८३ साली त्याने भावाला पत्र पाठवलं, त्यात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं त्याने लिहून ठेवलं. पुढे दोन-तीन वर्षांत फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्यानेही पत्रात तेच लिहिलं: संस्कृतचे सहा, सात, आठ, नऊ आमच्या आकड्यांसारखे, 'देव' आमच्या 'दियो'सारखा, 'सर्प' आमच्या 'सेर्पे'सारखा. हा सास्सेत्ती १५८८ मध्ये गोव्यातच वारला. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळाच्या आहेत असं सांगितलं ते १७८६ साली, म्हणजे २०० वर्षांनी. तुला चार महिन्यांत स्पॅनिश 'खूप सोपी' वाटली, ती अशाच नात्यामुळे वाटली, पोर्तुगीज तिची सख्खी बहीण म्हणून. पणजीच्या बसमध्ये मोबाईल घेऊन बसलेल्या मुलीला ते जाणवलं याचा मला फार आनंद झाला.

आता जिथे पाय घसरतो ती जागा. मोठे शब्द क्वचितच मिसळतात. मिसळतात ते बारके, ज्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पोर्तुगीजचा 'मश' म्हणजे 'पण', 'माइश' म्हणजे 'अधिक'. स्पॅनिशचा 'मास' म्हणजेही 'अधिक', आणि 'पण'ला तिथे 'पेरो'. तिन्ही दिसायला जवळजवळ एक, म्हणून तू अडकलीस. एका कागदावर असे २० बारके शब्द लिही: आणि, पण, अधिक, खूप, मी, आम्ही, सोबत, नाही, आता, इथे. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश. सुट्टे शब्द पाठ करू नकोस, प्रत्येकाचं एकेक पूर्ण वाक्य कर आणि ते मोठ्याने म्हण. 'ओब्रिगादा'चंही तसंच. पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा', कारण मुळात त्याचा अर्थ 'मी उपकृत आहे' असा. 'ग्रासियास'ला असलं काही नाही, बाई म्हणो की बुवा. हे एकदा मनात उतरलं की 'ओब्रिगादा' म्हणताना तू स्वतःबद्दल बोलते आहेस हे जाणवतं, आणि मग तो शब्द दुसऱ्याच्या जागी जात नाही.

मग येतात फसवे शब्द. माझा एक विद्यार्थी कळंगुटच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होता. पोर्तुगीज चांगली होती, म्हणून त्याला स्पॅनिश पाहुण्यांसाठी फळ्यावर पदार्थ लिहायला सांगितलं. पोर्तुगीजमध्ये ऑक्टोपसला 'पोल्वु' म्हणतात, तो शब्द त्याने तसाच ठेवला. स्पॅनिशमध्ये त्याच अक्षरांचा अर्थ धूळ, आणि ऑक्टोपसला 'पुल्पो'. पाहुण्यांनी त्याला हाक मारून विचारलं तेव्हा त्याला कळलं. त्या रात्री त्याने 'फसवे' म्हणून वेगळी वही सुरू केली. ती मी नंतर पाहिली, ६० पानांची होती आणि त्याचं त्या वेळचं स्पॅनिश माझ्यापेक्षा चांगलं होतं. तुझ्या कामाचे फसवे वेगळे असतील. स्पॅनिशमध्ये 'ओफिसीना' म्हणजे ऑफिस. पोर्तुगीजमध्ये तो शब्द गाडी दुरुस्त करायच्या गॅरेजला. पोर्तुगीजमध्ये ऑफिसला 'इश्क्रितोरियु', आणि स्पॅनिशचा 'एस्क्रितोरियो' म्हणजे लिहायचं टेबल. पहिल्याच दिवशी तुला हे लागणार आहेत.

वारांचंही आधीच सांगून ठेवते, कारण गिऱ्हाइकाला वेळ देताना चूक महागात पडते. पोर्तुगीज वार मोजून सांगतात: सोमवार 'सेगुंदा-फेइरा', म्हणजे दुसरा. तुझ्या आजोबांच्या वयाची माणसं 'सेगुंद ग्राव' (पोर्तुगीज प्राथमिक शाळेची दुसरी पायरी) शिकलो म्हणतात, त्यातला 'सेगुंद' हाच. स्पॅनिशमध्ये मात्र वार आपल्यासारखे आहेत. 'लूनेस' चंद्राचा, म्हणजे सोमवार. 'मार्तेस' मंगळाचा, 'म्येर्कोलेस' बुधाचा, 'ह्वेवेस' गुरूचा, 'व्येर्नेस' शुक्राचा. इथे पोर्तुगीजला विसर आणि पंचांग आठव.

अशा जागा आणखी आहेत, जिथे स्पॅनिश तिच्या सख्ख्या बहिणीपेक्षा मराठीच्या जवळ बसते. आपण 'मी झाड पाहिलं' म्हणतो, पण 'मी पेद्रोला पाहिलं'. झाडाला 'ला' लागत नाही, माणसाला लागतो. स्पॅनिशमध्ये अगदी हेच: झाडाला काही नाही, पेद्रोच्या आधी 'आ', 'बी आ पेद्रो'. पोर्तुगीजमध्ये हा 'आ' लावत नाहीत. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे या 'आ'पाशी महिनोन् महिने अडतात. तुला तो मराठीतून फुकट मिळाला आहे. तसंच 'मला आंबा आवडतो'. इथे आवडण्याचं काम आंबा करतो, मी नाही. म्हणून आंबे झाले की 'आवडतात'. स्पॅनिश: 'मे गुस्ता एल मांगो', आणि अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. पोर्तुगीजमध्ये 'गोश्तु द मांगा', तिथे आवडणारी मी. म्हणून स्पॅनिश वाक्य जुळवताना शब्द पोर्तुगीजकडून आण आणि वाक्याची चौकट अशा ठिकाणी मराठीकडून. आणि पोर्तुगीजमध्ये नाकातून काढायचे जे स्वर मुंबईच्या शिकणाऱ्यांना जड जातात ते तुला 'हांव' आणि 'बरें' म्हणणाऱ्या कोंकणीने आधीच दिले आहेत. तुझ्या एका तोंडात चार भाषा एकमेकींना हात देत आहेत, आणि तू मला डोकं नाही म्हणतेस.

आता काय करायचं ते. तुझ्या बाई म्हणाल्या, एक सोड. मी म्हणते, एक थांबव. आत्ता आषाढ आहे. नाताळपर्यंत (हा शब्दही पोर्तुगीजच) बी-१ पक्की कर आणि तोवर स्पॅनिशचं तोंड बंद ठेव. कान उघडा ठेव: स्वयंपाक करताना, बसमध्ये रोज अर्धा तास स्पॅनिश बातम्या, मुलाखती, काहीही ऐक, पण बोलू नकोस आणि त्या मोबाईलवरचे धडे बंद कर. पोर्तुगीज येणाऱ्याला स्पॅनिश ऐकून लवकर कळते, उलट तितकं होत नाही, कारण स्पॅनिशचे स्वर पाचच आणि स्वच्छ, तर लिस्बनचे लोक अर्धे स्वर गिळतात. तू अवघड बाजूने चढली आहेस, उतार पुढे आहे. जानेवारीला स्पॅनिश रीतसर सुरू कर, तीही माणसाकडून. पोर्तुगीज तेव्हा आठवड्यातून दोन संध्याकाळी वाचण्यापुरती ठेव, एकाच दिवशी दोन्ही नकोत. जूनपर्यंत तू स्पॅनिशमध्ये अस्खलित होशील असं वचन मी देणार नाही. गिऱ्हाइकाचं म्हणणं समजून घेऊन साधं उत्तर देण्याइतकी होशील, आणि अशा नोकरीत पहिल्या दिवशी तेवढंच लागतं. ऑफिसने भरती आधीच काढली आणि पोटापाण्याचाच प्रश्न असला, तर क्रम उलटा कर, माझी हरकत नाही. फक्त दोन्ही एकदम तोंडाने बोलायला शिकायचं नाही.

हा क्रम मी मनाचा सांगत नाही. आपल्या सांखवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी आधी पुण्यात आणि काशीत संस्कृत शिकले, मग सिलोनला जाऊन पाली. संस्कृतच्या पक्क्या पायावर पाली उभी राहिली आणि पुढे ते हार्वर्डला पाली ग्रंथाच्या संपादनाला गेले.

जर्मनचं थोडक्यात. जर्मनीला शिकायला किंवा नोकरीला जायचं असेल तर जरूर घे, तीन लिंगं बघून मराठी माणूस घाबरत नाही. पण मिसळू नये म्हणून ती घेणं म्हणजे दीड वर्षाची कमाई बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पायरीवर बसणं. तुला जी अडचण वाटते आहे तीच तुझी पुंजी आहे.

राहिले आजोबा. त्यांचं म्हणणं हट्ट समजून बाजूला सारू नकोस. १६८४ साली कोंद द आल्वोर या व्हाइसरॉयने हुकूम काढला होता, की इथल्या लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. 'भाषा मोडायला काढली' हे आजोबांचे शब्द अक्षरशः खरे आहेत. तरी इथे मराठी राहिली, कोंकणी राहिली, ती देवळांत, भजनांत, घरगुती शाळांत आणि बायकांच्या तोंडी राहिली. १९६१ ला गोवा मुक्त झाला तेव्हा ते विशीतले असणार. त्यांनी जे पाहिलं ते तू आणि मी वाचूनच जाणतो. म्हणून त्यांच्याशी वाद घालायचा नाही.

त्यांना पिळगावच्या पांडुरंग पिसुर्लेकरांची गोष्ट सांग, त्यांनी नाव ऐकलेलं असेलच. या डिचोलीच्या मराठी माणसाने पोर्तुगीज अशी आत्मसात केली, की पणजीच्या दप्तरखान्यातले शेकडो वर्षांचे कागद त्यांनी वाचून काढले, आणि पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात काय काय घडलं ते जगासमोर आणलं. शिवाजी महाराजांबद्दल, संभाजीराजांबद्दल राज्यकर्त्यांनी आपसांत काय लिहिलं, ते त्यांच्याच भाषेत वाचणारा आपला माणूस निघाला म्हणून आपल्याला ते कळलं. म्हापशाजवळच्या आसगावचे पाद्री मोन्सेञोर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी १९१३ साली आशियातल्या सुमारे ५० भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश केला, आणि त्याआधी कोंकणीचाही कोश केला होता. ज्याला आपल्या घरची भाषा इतकी प्यारी होती त्यानेच दुसऱ्याची भाषा इतक्या बारकाईने तपासली. आणि आजोबांच्या ट्रंकेतली जुनी खरेदीखतं, वाटणीचे कागद कोणत्या भाषेत आहेत ते त्यांनाच विचार. गोव्यातल्या लग्नाच्या आणि वारशाच्या कायद्याची पाळंमुळं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहेत. ते कागद वाचायला त्यांना दर वेळी वकिलाकडे जावं लागत असेल, तर ते घरच्या नातीने वाचले तर काय वाईट?

पण हे सगळं सांगण्याआधी एक कर. रात्री जेवणं झाली की वही घेऊन त्यांच्याजवळ बस. शिकवा म्हणू नकोस, फक्त विचार: लहानपणी शाळेत मास्तर काय काय वाचून घ्यायचे? सेगुंद ग्रावापर्यंत शिकलेल्या माणसाच्या डोक्यात पाढे, प्रार्थना, एखादी कविता अजून जशीच्या तशी असते. माझ्या वडिलांच्या डोक्यात होती. शेवटच्या आजारात त्यांनी मला तारखा पोर्तुगीजमध्ये सांगितल्या, आयुष्यभर ज्या भाषेचं नाव घेतलं नाही त्या भाषेत, आणि मी त्या लिहून घेतल्या नाहीत. ती चुकलेली वेळ मला अजून टोचते. तू लिहून घे.

आणि वहीत 'किल्ली' हा शब्द लिहून त्यांच्यापुढे धर. पोर्तुगीजमध्ये काय म्हणायचे ते विचार. 'शाव' म्हणतात की 'चाव' ते कान देऊन ऐक आणि मला कळव.